आत्या, पाहुणा बोलवायचाय ना, मग आधी हे वाच

प्रिय आत्या,

नमस्कार. काका बरे असतील, आजीचे डोळे आता कसे आहेत ते नक्की कळव. परवा फोनवर तू विचारलंस की तुमच्या लेखन गटाला कुणीतरी मोठा साहित्यिक बोलवायचाय, तर आमच्या गटात इकडे काय करतात, आणि मी म्हटलं लिहूनच पाठवते, कारण या विषयावर एकदा सुरू झाले की मी थांबत नाही हे तुला माहितीये. तर घे, निवांत वाच.

पहिलं म्हणजे मोठा साहित्यिक नको. रागावू नकोस, पण आमच्याकडे एक नावाजलेले कादंबरीकार येऊन गेले, बोलले फारच सुंदर, बालपण, पहिला नकार, मग पुरस्कार, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पुस्तकांवर सह्या घेतल्या, फोटो काढले, आणि पुढच्या बैठकीला कुणीही एक ओळ नवीन लिहून आणली नव्हती. त्यांचा काही दोष नाही गं, आम्ही त्यांना विषय दिला होता 'माझा लेखनप्रवास', मग माणूस प्रवासच सांगणार ना! त्यानंतर एक संपादक बाई आल्या, स्वतःचं एकही पुस्तक नाही, नाव कुणी ऐकलेलं नाही, पण त्यांनी दोन आठवडे आधी प्रत्येकाकडून गोष्टीचं फक्त पहिलं पान मागवलं. नावं काढून टाकली आणि एकेक पान स्क्रीनवर लावून आमच्यासमोर त्यावर काम केलं, आणि त्या दिवशी मी जे शिकले ते अजून पुरतंय.

त्यांचा पहिला प्रश्न प्रत्येक पानाला एकच, गोष्ट नेमकी कुठे सुरू होते तिथे रेघ मारा. बहुतेकांची रेघ तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात पडली, त्याच्या वर नुसती हवा, सकाळ, नायिका उठतेय, आरशात बघतेय, वगैरे. मी मनात म्हटलं माझं पान येऊ नये, पण आलंच. दुसरं त्यांनी सांगितलं ते कामाच्या क्रमाचं, की आधी रचना बघायची, म्हणजे कुठलं प्रकरण हवं, कुठलं नको, कोण गोष्ट सांगतंय. मग वाक्यं, आणि ऱ्हस्वदीर्घ नि विरामचिन्हं अगदी शेवटी. आपण सगळे उलटं करतो, जे प्रकरण उद्या उडवायचंय त्याच्या वेलांट्या आज दुरुस्त करत बसतो आणि मग ते उडवायला जीव होत नाही कारण त्यावर इतके कष्ट झालेले असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की नाव बघून बोलवू नका, तुमचं कुठे अडलंय ते बघून बोलवा. तुमच्या गटातले लोक कुठे अडलेत ते आधी त्यांनाच विचार. कुणाचे संवाद पुस्तकी होतात, तर नाटकात काम केलेलं कुणीतरी बोलव आणि तुमचेच संवाद दुसऱ्याच्या तोंडून मोठ्याने वाचून घ्या, जिथे वाचणाऱ्याची जीभ अडखळते तिथे पेन्सिलने खूण करायची, बास, त्याला वेगळं व्याख्यान लागत नाही. कुणी रहस्यकथा लिहितं, तर एखादा वकील किंवा निवृत्त पोलीस अधिकारी बोलव. आमच्याकडे एक इमर्जन्सीतली नर्स आली होती, तिच्याइतका धमाल वक्ता मी पाहिला नाही. ती म्हणाली, तुम्ही लेखक लोक मॉनिटरवर सरळ रेघ आली की लगेच शॉक देता, पण सरळ रेघेला शॉक देत नाहीत, शॉक हृदयाच्या ठराविक बिघडलेल्या ठोक्यांसाठी असतो, रेघ सरळ झाली की छाती दाबत राहायचं आणि अॅड्रिनलिन द्यायचं. आणि डोक्यात फटका बसून तासभर बेशुद्ध पडलेला हीरो उठून धावायला लागतो ना, तसा माणूस खरं तर थेट स्कॅनला जातो. तीन जणांनी घरी जाऊन आपापली प्रकरणं बदलली.

आता वर्कशॉपचं. तुम्ही एकमेकांचं वाचून मतं देता ते चांगलंच आहे, पण तू म्हणालीस की त्यातून रुसवेफुगवे होतात, दोघींनी तर येणंच सोडलं. ते सगळीकडेच होतं, म्हणून तर लोकांनी त्याच्या पद्धती काढल्यात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ सालापासून रायटर्स वर्कशॉप चालतं (त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ साली गेले होते, काकांना सांग, त्यांना आवडेल). आणि पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी १९५६ पासून विज्ञानकथा लिहिणारे जमायला लागले, त्यांची पद्धत फार गाजली. सगळ्यांनी गोष्ट आधीच वाचून यायची, गोल बसायचं, एकेकाने ठरलेल्या मिनिटांत बोलायचं, मध्ये कुणी कुणाला तोडायचं नाही आणि ज्याची गोष्ट आहे त्याने तोवर तोंड बंद ठेवायचं, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. यात फायदा असा की लेखक 'मला तसं म्हणायचं नव्हतं' असं समजावत बसत नाही, कारण पुस्तक छापल्यावर वाचकाच्या शेजारी बसून समजावायला तो थोडाच जाणार आहे. पण नवीन माणसाला दहा जणांचं ऐकून घेत गप्प बसणं म्हणजे शिक्षाच, आमचा एक कॉलेजचा मुलगा त्यानंतर दिसला नाही.

मग एक कार्यशाळा घेणारी आली तिने दुसरी पद्धत शिकवली, ती लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० च्या सुमाराला काढलीये, म्हणजे मुळात नाचासाठी, पण लेखनाला चपखल बसते. आधी ऐकणाऱ्यांनी फक्त सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग लेखक स्वतः प्रश्न विचारतो, म्हणजे 'सासूचा राग खरा वाटला का' असं नेमकं काहीतरी. मग ऐकणारे लेखकाला प्रश्न विचारतात, पण प्रश्नाच्या आडून आपलं मत सांगायचं नाही, हे सगळ्यात अवघड. 'शेवट एवढा का ताणलास' हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे, त्याऐवजी 'शेवटी वाचकाला काय वाटावं असं तुझ्या मनात होतं' असं विचारायचं. आणि मत अगदी शेवटी, तेही परवानगी घेऊन, 'संवादांबद्दल मला एक सांगायचंय, ऐकशील का', आणि लेखक नको म्हणू शकतो. ऐकायला नाटकी वाटतं, मलाही वाटलं होतं, आमच्यातल्या एका आजोबांना तर परवानगी मागणं जमेचना, पण खरंच सांगते, रडारड थांबली. तुमच्यासाठी मी हीच घेईन. मिलफर्डवाली नंतर, लोक जरा मुरले की.

पैशांचं आणि प्रकाशनाचं सांगायला पण एकाला बोलवाच, कारण त्यात आपली माणसं फार भोळी असतात. आमच्याकडे एक लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारी, आली होती, ती म्हणाली एजंटचं कमिशन साधारण पंधरा टक्के आणि तेही लेखकाला पैसे मिळाले की त्यातून, नुसतं वाचायचे म्हणून जो आधी पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा. मराठीत एजंट फारसे नसतातच, लेखक थेट प्रकाशकाशी बोलतो, म्हणून तर तुम्हाला करार वाचता यायला हवा. भाषांतराचे, ऑडिओचे, सिनेमाचे हक्क वेगवेगळे असतात आणि 'सर्व हक्क' असं एका ओळीत लिहिलेलं असलं की सही करायच्या आधी थांबायचं. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, युरोपात सत्तर, म्हणजे ही सही नातवंडांपर्यंत जाते. एखादा कॉपीराइट समजणारा वकील तासभर आला तरी पुष्कळ होईल, आणि येताना प्रत्येकाने स्वतःचा खरा करार आणावा, आकडे झाकून.

बाकी बारीकसारीक. पाहुण्याला चाळीस मिनिटांच्या वर बोलायला देऊ नका, उरलेला वेळ लिहायला आणि प्रश्नांना. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर गोळा करायचे, नाहीतर 'माझा प्रश्न असा आहे की' म्हणून उठलेला माणूस स्वतःची कविता म्हणूनच खाली बसतो, हे जगात कुठेही सारखंच बरं का. ओळख करून देणाराला दोन मिनिटं, त्याच्या हातात कागद देऊन. मानधन जमेल तेवढं, पण आधी स्पष्ट सांगायचं, प्रवासखर्च तरी द्यायचाच, 'तुमची पुस्तकं खपतील की' हे सांगून फुकट बोलवणं मला पटत नाही, तुम्हीही करू नका. आणि लांबचा माणूस हवा असेल तर व्हिडिओवर बोलव, पण व्हिडिओवर भाषण ऐकायला लोक कंटाळतात, तिथे पान उघडून काम करणाराच चालतो.

तुझ्या त्या मैत्रिणीच्या भावाने इतकी वर्षं मुद्रितशोधन केलंय ना, पहिला पाहुणा म्हणून तोच बघ. त्याला विषय दे 'पहिलं पान', आणि पानं आठ-दहाच घे, जास्त घेतलीस तर शेवटच्यांना न्याय मिळत नाही. ज्यांची राहतील त्यांची पुढच्या महिन्यात. तारीख ठरली की कळव, माझी इकडची वेळ जुळली तर मी पण व्हिडिओवर येऊन मागे बसेन, आणि माझं एक पान पाठवते, नाव काढून तुमच्या गठ्ठ्यात टाक, कुणाला सांगू नकोस भाचीचं आहे म्हणून.

काकांना नमस्कार, आजीला पापा.

तुझी,
भाची