काचेतली काजूची फांदी

ती. आई-अण्णांस, सा. न.

माझी तब्येत ठणठणीत आहे. आई, फोनवर चेहरा उतरलेला दिसतो तो इथल्या दिव्यामुळे. जेवण वेळेवर होतं, घर उबदार आहे.

इथली एक रीत मात्र अजून पचत नाही. बर्फ पडला की रस्त्यावरची गाडीची जागा ज्याची त्याने फावड्याने उकरायची आणि कामावर जाताना तिथं घरातली जुनी खुर्ची ठेवायची. खुर्ची दिसली की दुसरं कुणी गाडी लावत नाही. खुर्चीच पाहिजे असंही नाही. बादली, इस्त्रीचं टेबल, काहीही चालतं. बॉस्टनमध्ये महापालिकाही दोन दिवस चालवून घेते. रस्ता सगळ्यांचा, पण उकरला त्याचा हक्क!

अण्णा, तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. हार्वर्डच्या म्युझियममध्ये काचेची झाडं आहेत. लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी 1887 ते 1936 या काळात ड्रेस्डेनजवळ घडवलेली, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांना बारा महिने फुलं बघता यावीत म्हणून. बीजकोश आडवा कापून, मोठा करून दाखवलाय. सडक्या फळावरची बुरशीसुद्धा काचेची. काजूची फांदी बघितली आणि आजऱ्याचं आजोळ डोळ्यांपुढे आलं. ज्योतीवर काच मऊ करायची, चिमट्याने पाकळी ओढायची, देठात तार घालायची. लिओपोल्ड आधी सोनाराकडे शिकलेले! कोल्हापुरी साजातलं सोन्याचं कारलं ठशावर उठवल्यावर, पोटात लाख भरण्याआधी, तुम्ही एकेक कंगोरा भिंगातून बघता ना, तीच नजर.

रुडॉल्फना मूलबाळ नव्हतं, हाताखाली कुणी शिकलं नाही. त्यांच्याबरोबर ते काम थांबलं. हे वाचून मला तिथून हलवेना. अण्णा, ठसे मोडीत घालू नका. दादाला नोकरीतून वेळ नाही, मी इथं, हे मला कळतं. पण गुजरीतल्या सोनारांत शिकायला तयार असलेला मुलगा मिळाला तर त्याचा पगार मी देईन. हे नुसतं बोलायचं म्हणून लिहीत नाही.

या महिन्याचे पैसे पाठवलेत. आधी बँकेचा हप्ता भरा, मग डोळे तपासून घ्या. भिंगावर भागतंय म्हणू नका. दिवाळीला रजाच मिळाली नाही, आई, खरंच. मे महिन्यात नक्की येते. गडहिंग्लजच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, तेव्हा भेटू. जमलं तर साज अण्णांच्याच हातचा घालणार. मुलाच्या आईंना मात्र आत्ताच सांगून ठेवा, नोकरी मी सोडणार नाही.

तुमची,
बाळी