माठ काय उकळस का?

संपादक महोदय,

माझा नातू सहावीत आहे. गेल्या आठवड्यात त्याचा विज्ञानाच्या चाचणीचा पेपर घरी आला. 'पाण्याची वाफ केव्हा होते?' या प्रश्नाला त्याने लिहिलं होतं, 'केव्हाही होते. उकळायला मात्र १०० अंश लागतात.' त्यावर लाल फुली आणि शेजारी दुरुस्ती, '१०० अंशाला'. आमच्या सौ. पेपर पाहून एवढंच म्हणाल्या, "मंग माठ काय उकळस का?"

मी ३१ वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. बर्फाचा आकडा पक्का असतो, हे मी हाताने तपासलंय. पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून ते डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. टाकीतलं पाणी उणे १० च्या आसपास, तरी पातळच. मीठ त्याला गोठू देत नाही. डब्यातलं गोडं पाणी मात्र कडेकडून आत गोठत येतं. डबा काठोकाठ भरायचा नाही, कारण गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं. गोठणारा थर हवा आणि क्षार मधोमध ढकलतो, म्हणून लादीच्या पोटात पांढरट पट्टा राहतो. (गिऱ्हाइकांना वाटायचं, आम्ही चुना घालतो.) मग लादी भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून लग्नघरी जायची. मे महिन्यात दुपारी चारपर्यंत निम्मी उरायची, पण खाचेत थर्मामीटर खोचलं की शून्यच. बाहेरून येणारी सगळी उष्णता वितळण्यातच खर्च होते, ग्रॅममागे ८० कॅलरी.

वाफेचं तसं नाही. दोरीवरचं लुगडं आपल्याकडच्या उन्हात तासाभरात वाळतं. त्याला १०० अंश लागले असते तर नेसायला काही उरलं नसतं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडतं आणि जाताना ग्रॅममागे ५८० च्या आसपास कॅलरी घेऊन जातं, बरीचशी माठातूनच. पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी असं उडालं, तर हिशेबाने १० लिटर पाणी साडेअकरा अंशांनी उतरावं. झळ आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात कमी. कूलरचंही तेच. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो खोली गार करतो, आषाढात नुसती ओल फेकतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं. फ्रीजरमध्ये विसरलेले बर्फाचे तुकडेसुद्धा न वितळता झिजतात. म्हणजे शून्याखालीही पाणी उडतंच.

आखाजी (अक्षय तृतीया) तोंडावर आली आहे, घरोघरी मातीची नवी घागर येईल. शिक्षकांना माझी विनंती आहे की मुलांना ती भरून, तोंड झाकून, रात्री आणि सकाळी वजनकाट्यावर ठेवायला सांगावं. किती पाणी उडालं ते काटाच सांगेल. चुलीची गरज नाही.

प्रश्न एका गुणाचा होता. पण ते उत्तर मीच पढवलेलं, त्यामुळे नातू दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही.

आपला,
बर्फ कारखान्यातला एक निवृत्त ऑपरेटर
अमळनेर, जि. जळगाव