काका, आधी स्वतःचं मशीन पुढे केलंत त्याबद्दल

काका, फोनवर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही 'बरं बरं, जेवलास का' म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. वाचा आणि चिडा माझ्यावर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. आमच्या घरी बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना होम कॉम्प्युटर आहे. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात लायसन्स घेऊन भारतात आणला, तोच हा. ४८ के मेमरी, साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड ८० प्रोसेसर आणि प्रोग्राम सगळे कॅसेटवर. मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं लागतात आणि कॅसेटी आता इतक्या थकल्यात की चार मिनिटं किंचाळून झाल्यावर 'आर टेप लोडिंग एरर' येते, की परत रिवाइंड. म्हणून मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या पट्ट्यांना) रास्पबेरी पाय पिको हे छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावून एसडी कार्डवरून प्रोग्राम चढवायचे ठरवलं. घोडं अडलं ते व्होल्टेजवर. स्पेक्ट्रमचे सिग्नल ५ व्होल्टचे, आणि पिकोच्या पिना ३.३ च्या हिशोबाने बनवलेल्या, त्यांना सरळ ५ दिले की पिको गेला समजा.

यावर मला जे सल्ले मिळाले ते ऐकण्यासारखे आहेत. एक जण म्हणाला भंगारात टाक, पीसीवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा इम्युलेटर लाव (बाबांसमोर म्हणाला हे). एकाने सांगितलं, काही होत नाही रे, डायरेक्ट जोड, पिको चारपाचशेचा तर येतो. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने लेव्हल कन्व्हर्टर (५ चे ३.३ व्होल्ट आणि उलट करणारं सर्किट) म्हणून ते छोटं चार चॅनेलचं मॉड्यूल हातात ठेवलं, वर 'बिनधास्त लावा, सगळ्याला चालतं.' सगळ्याला चालतं म्हणे! ते लावलं की स्क्रीनवर नुसता कचरा, आणि परत विचारायला गेलो तर तुमचाच कॉम्प्युटर खराब असेल म्हणून मोकळा.

तुम्ही मात्र काही न बोलता सीआरओ (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) चालू केलात, प्रोब लावलात आणि म्हणालात, बघ. सिग्नल सरळ भिंतीसारखा उभा राहायला हवा तिथे घाटातल्या एसटीसारखा रडत रडत वर चढत होता. त्या मॉड्यूलमध्ये दर चॅनेलला एक मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) आणि सिग्नल वर खेचणारे दहा किलोओमचे पुल-अप रेझिस्टर, आय-टू-सी सारख्या हळू चालणाऱ्या, निवांत कामाला ठीक. पण दहा किलोओम आणि वायरींची पन्नासएक पिकोफॅरॅड धरली तरी अर्धा मायक्रोसेकंद त्यातच जातो, आणि झेड ८० चा एक क्लॉक २८६ नॅनोसेकंदांचा! इतकं सोपं होतं, पण तोवर कुणी मोजूनच बघितलं नव्हतं, सगळे नुसतेच सांगत होते.

मग तुम्ही ड्रॉवरमधून दोन चिपा काढल्यात. स्पेक्ट्रमकडून येणाऱ्या लाइनींसाठी ७४एलव्हीसी२४५, ती ३.३ वर चालते पण इनपुटला ५ व्होल्ट सहन करते. उलट दिशेला ७४एचसीटी२४५, २ व्होल्टच्या वर काहीही आलं की ती ते लॉजिकचा '१' समजते, म्हणजे पिकोचे ३.३ तिला भरपूर. आणि साधी एचसी का नको हे पण सांगितलंत, तिला साडेतीन लागतात, तिथे पिको जेमतेम कमी पडतो. हे सगळं कुठल्याही डेटाशीटमध्ये मिळेल, त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाहीये.

लिहितोय ते पुढच्या गोष्टीसाठी. बोर्ड तयार झालं, मी पिशवीतून बाबांचा स्पेक्ट्रम काढायला लागलो आणि तुम्ही हात धरलात. 'तो राहू दे. आधी माझ्यावर.' कपाटातून टॉवेलात गुंडाळलेला तुमचा स्वतःचा स्पेक्ट्रम काढलात, एज कनेक्टर खोडरबरने घासून पुसलात, आणि माझ्या हातचं, ओबडधोबड सोल्डरिंगचं बोर्ड त्याला लावलंत. त्या कनेक्टरवर ५, ९ आणि १२ व्होल्ट सगळे असतात, एक पिन इकडची तिकडे झाली तर खालच्या १६ के ची ४११६ रॅम जाते, आणि यूएलए (स्क्रीन वगैरे सांभाळणारी सिंक्लेअरची खास चिप) गेली तर ती मूळची चिप आता बनतच नाही. हे मला तुम्हीच शिकवलेलं, म्हणजे तुम्हाला पक्कं माहीत होतं काय पणाला लागलंय. स्विच मारलात, १९८२ ची ती कॉपीराइटची ओळ आली, पहिला गेम दोन सेकंदात चढला, तरी तुम्ही अर्धा तास चिपांवर बोट ठेवून गरम होतायत का बघत बसलात. मग म्हणालात, आता काढ बाबांचा.

काका, माणसं फुकटचा सल्ला देतात, वेळही देतात कधी कधी, पण दुसऱ्याच्या वस्तूआधी स्वतःची वस्तू पुढे करणारा माणूस मी तरी पहिल्यांदा बघितला. आणि शिकलेली, मोठ्या पगाराची, 'मला सगळं येतं' वाली किती जणं यात कमी पडली ते वर लिहिलंच आहे, नावं घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल. बाबा त्या दिवसापासून रोज एक गेम चढवतात आणि आईला बोलावून दाखवतात, ती कंटाळलीये आता.

पैसे घेतले नाहीत ते नाहीत, चिपांचे सुद्धा नाहीत. म्हणून सांगून ठेवतो, याच सर्किटची नीट छापलेली पीसीबी ऑर्डर केलीये, आली की पहिलं बोर्ड तुमच्या मशीनसाठी. चिपा मी आणतो, सोल्डरिंग तुमच्यासमोर बसून करतो, आणि तुमची सीआरओची एक प्रोब चुकून माझ्या पिशवीत आलीये, शोधत बसू नका, तीही तेव्हाच आणतो.