बोलू दे माय त्याले

नाना, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर लांबलचक काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या सूनबाईंना सांगून ठेवलंय, त्या वाचून दाखवतील. मुलाच्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाच्या दुरुस्तीबद्दल तोंडावर आभार मानायला गेले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुन्हा त्या टेबलफॅनच्या वाइंडिंगकडे वळलात, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. शिवाय ज्यांनी आम्हाला आधी परत पाठवलं, त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात आलं तर वाईट वाटणार नाही.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. बोलताना अडखळतो. (हे त्याला विचारून लिहितेय. "लिही, पण नाव नको," म्हणाला.) जळगावात आमचं घर रुळांच्या इतकं जवळ आहे की लांब मालगाडी गेली की फडताळातली स्टीलची भांडी किणकिणतात, आणि हा ताटावरून उठून गॅलरीत पळतो. सासूबाई जामनेरच्या. पाचोरा-जामनेरच्या पीजेच्या गोष्टी सांगून त्यांनीच याला बिघडवलं म्हणायचं. ती अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी 2020 मध्ये थांबली, त्याआधी एकदा आजीच्या मांडीवर बसून त्याने तिच्यातून प्रवास केला होता. बाकी काही आठवत नाही त्याला, गाडी हलायची तेवढं आठवतं.

माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून त्याच्यासाठी एक डिझेल इंजिनाचं मॉडेल आणलं. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर 12 व्होल्टवर धावणारं. तिथल्या कुणा हौशी माणसाचं जुनं, पण धडधाकट. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून रूळ मांडले जायचे आणि रविवारी पाहुणा आला तर त्याला रूळ ओलांडून आत यावं लागायचं.

सहा-आठ महिन्यांनी ते अडायला लागलं. आधी सांध्यावर थांबायचं, बोटाने ढकललं की पुन्हा चालायचं. मग चालताना धक्के बसू लागले. मग एक दिवस नुसतं गुणगुणलं आणि जागेवरच राहिलं. नाना, त्या दिवशी तो जेवला नाही.

इथे जवळच एक जण रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेलं. "खेळण्याला काय, तेल पाहिजे," म्हणून त्यांनी शिलाई मशीनचं तेल असं काही ओतलं की पिशवीला डाग पडले. मग एका मोठ्या शहरातल्या दुकानात पाठवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. मॉडेल रेल्वेचे जाणकार म्हणून त्यांचा बोलबाला आहे एवढं सांगते. अडीच महिने इंजिन त्यांच्याकडे पडून होतं. मी फोन करायची, "बघतोय मॅडम." शेवटी व्हिडिओ कॉलवर मुलाला बोलू दिलं. त्याने सांगायला सुरुवात केली, "द-द-दर…" आणि पलीकडून, "हां हां, दर वेळी बंद पडतं, बरोबर? कळलं. मोटर जळालीय. याच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या." तपासणीचे 1,800 रुपये घेऊन इंजिन परत आलं. एक स्क्रू कमी होता.

तो "दर वेळी" म्हणत नव्हता. काय म्हणत होता ते मीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, जाणकार माणूस बोलतोय, त्याला कळलं असेल. हे कबूल करायला जड जातंय, पण याचं वाक्य पुरं करण्यात दुकानदाराच्या आधी माझाच नंबर लागतो. शाळेच्या रिक्षावाल्याला, डॉक्टरला, त्याच्या मावशीला, सगळ्यांना त्याच्या वतीने मीच सांगते. घाईत असते म्हणा किंवा मला बघवत नाही म्हणा.

तुमचं नाव आमच्या मिक्सरवाल्याने सांगितलं. "भुसावळला एक नाना आहेत, इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर. मोटरच्या आत फिरतं ते आर्मेचर त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही." आम्ही पॅसेंजरने आलो, कारण इंजिन दुरुस्तीला न्यायचं आणि तेही बसने, हे त्याला पटणारं नव्हतं. तुमच्या ओट्यावर तीन मिक्सर, एक पाण्याची मोटर आणि पोट उघडलेला टेबलफॅन. मी इंजिन पुढे केलं आणि नेहमीसारखी सुरू झाले: हे असं होतं, मग तसं झालं, अमक्याने हे सांगितलं, तमक्याने ते.

तुम्ही विचारलंत, "चालवतं कोण?"

मी म्हटलं, "हा. पण त्याला ना जरा बोलायला—"

"बोलू दे माय त्याले."

तेवढंच बोललात. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर तुम्ही खाली ठेवलात. नाना, मी जे लिहायला बसले आहे ते हेच. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलात, चष्मा काढून खिशाला अडकवलात आणि त्याच्या तोंडाकडे न बघता मांडीवरच्या इंजिनाकडे बघत बसलात. लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. ओठ कुठे अडतायत ते बघतात, भुवया उंचावून धीर देतात, मान हलवून शब्द ओढून काढतात. तुम्ही इंजिन बघत होतात आणि कान त्याच्याकडे होता. किती वेळ गेला कोण जाणे. यार्डातून शंटिंगचा आवाज येत होता. तुमच्या नातवाने मला पाणी आणून दिलं, मी ते पिऊन संपवलं, तरी तो बोलतच होता. माझी जीभ दोनदा वळवळली, दोन्ही वेळा मी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

तो म्हणाला, "दर पाच-सहा स्लीपरला (म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना) एक धक्का बसतो. हळू चालवलं तरी तेवढ्याच अंतरावर, जोरात चालवलं तरी तेवढ्याच."

तुम्ही त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलंत ते तेव्हा. "मोजले तू?"

त्याने मान हलवली. आम्ही रुळाचा एक तुकडा सोबत आणला होता. तुम्ही शिवणाचा दोरा काढून इंजिनाच्या चाकाला एकदा गुंडाळलात, टोक जुळलं तिथे नख दाबलंत आणि तो दोरा रुळावर सरळ धरलात. साडेतीन सेंटीमीटरच्या थोडा वर. साडेपाच स्लीपर. "हे बघ भो," तुम्ही त्याला म्हणालात, मला नव्हे, "चाकाचा एक फेरा होतो तेव्हा मोटर दहा-पंधरा फेरे मारते. दोष मोटरमध्ये असता तर एवढ्या जागेत दहा-पंधरा धक्के बसले असते. तुझा धक्का एका फेऱ्याला एक आहे. म्हणजे चाकाच्या दांडीवरच काहीतरी तुटलंय."

अडीच महिने आणि 1,800 रुपये एका बाजूला, शिवणाचा दोरा एका बाजूला.

पुढचं तुम्ही केलंत ते मला नीट सांगता येणार नाही, त्यालाच विचारा. तो आता ते येईल त्याला सांगत सुटलाय. इंजिन उलटं करून फडक्यावर निजवलंत. सुटे स्क्रू इडलीपात्रातल्या एकेका वाटीत, पुढच्या बोगीचे पुढे, मागच्या बोगीचे मागे. मोटर वेगळी करून वीज दिलीत तर ती भिंगरीसारखी फिरली, मीटरवर पाव अँपिअरच्या आसपास दाखवत होतं. "जळालेली मोटर अशी फिरते का?" तेल मात्र कॉम्युटेटरपर्यंत, म्हणजे कार्बनचे ब्रश घासून मोटरला वीज देतात त्या जागेपर्यंत, पोचलं होतं आणि कार्बनच्या भुकटीत मिसळून काजळासारखी पेस्ट झाली होती. ती तुम्ही अर्धा तास काड्यांनी आणि स्पिरिटने पुसत होतात, ओतणाऱ्याला नावं ठेवत. मग मीटरचं एक टोक चाकाला, एक मोटरच्या तारेला लावून एकेक चाक तपासलंत. पुढच्या बोगीची चाकं पी पी करत होती, मागची गप्प. मागच्या बोगीतून वीज वर आणणारी तारच डाखाच्या जागी निसटलेली होती. आमच्याकडून जाताना ती जोडलेली होती, हे तो शपथेवर सांगतो. म्हणजे सांध्यावर गाडी अडते ती तपासायला पाठवली आणि अर्ध्या चाकांची वीज घालवून परत घेतली.

शेवटी ती दांडी. प्रत्येक चाकांच्या जोडीच्या मधोमध हरभऱ्याएवढं नायलॉनचं पांढरं गिअर. घड्याळजीचं भिंग तुम्ही आधी त्याच्या डोळ्याला लावलंत. दोन दातांच्या बेचक्यात केसाएवढी चीर. स्टीलच्या दांडीवर घट्ट ठोकून बसवलेलं प्लास्टिक वर्षं गेली की आखडतं आणि तडकतं, चीर रुंदावते, तिथे दात जुळत नाहीत आणि दर फेऱ्याला टक्. चिकटवून भागेल का, असं मी विचारलं. "नायलॉनला डिंक धरत नाही. नवं मागवा." भावाने गिअरचं पाकीट पाठवलं, पोचायला तीन आठवडे लागले.

त्या तीन आठवड्यांत तुम्ही दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा त्यालाच मागितलंत. त्याला फोनवर बोलणं सगळ्यात अवघड जातं. समोरच्याला शांतता सहन होत नाही, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणत लोक फोन ठेवतात. तुमच्याशी तो चार-चार मिनिटं बोलला. काय बोललात ते मी ऐकलं नाही, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. एवढंच कानावर आलं की वर तारेत 25 हजार व्होल्ट असतात आणि याच्या रुळात 12, तरी ब्रश झिजायची तऱ्हा तीच. आणि आताच्या थ्री-फेजच्या इंजिनांत तर ब्रशच नाहीत, मग शेडमधली पोरं आर्मेचर ओळखणार कशी, ही तुमची खंत. एकदा त्याने तुम्हाला सांगितलं की 16.5 ला 87 ने गुणलं की 1,435 च्या आसपास येतात, म्हणजे हे रूळ आपल्या 1,676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजचे नव्हेतच. तुम्ही पलीकडे मोठ्याने हसलात, तेवढा आवाज दाराबाहेरून ऐकू आला.

आणि ती पुडी, नाना. बिल दीडशे रुपये. बिलाबरोबर वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी: तडकलेलं गिअर, झिजलेले दोन ब्रश, जुन्या तारेचा तुकडा. "काढलेला माल गिऱ्हाइकाचा." आमच्या लग्नानंतर या घरात कितीतरी वस्तू दुरुस्त झाल्या, काढलेला माल कुणी परत दिल्याचं मला आठवत नाही. उलट तिकडच्या जाणकारांनी आमचा एक स्क्रू ठेवून घेतला. तोही तुम्ही तुमच्या डब्यातून शोधून बसवलात आणि बिलात धरला नाहीत. चांगुलपणा म्हटलं की लोक मोठमोठी नावं घेतात. मला हल्ली इडलीपात्र आठवतं. दुसऱ्याच्या वस्तूचा स्क्रू हरवू नये म्हणून घरातलं इडलीपात्र आणून ठेवणारी माणसं किती असतील? आमच्या बँकेत, शाळेत, दवाखान्यात अशी दोन-दोन बसवली तर आमचे निम्मे खेटे वाचतील.

मी विचारलं होतं, तुम्ही त्याचं एवढं ऐकून कसं घेतलंत. तुम्ही म्हणालात, "शेडमध्ये ड्रायव्हरने लॉगबुकात काय लिहिलं ते वाचल्याशिवाय आम्ही इंजिनाला हात लावत नव्हतो. चालवणारा तो." याच्या अडखळण्याचा उल्लेखही नाही. तुमच्या लेखी तो हळू बोलणारा ड्रायव्हर होता.

गिअर बसवलं त्या दिवशी तुमच्या ओट्यावर आमचे रूळ मांडले. "ट्रायल तूच घे," म्हणालात. इंजिन निघालं, एक फेरा, दोन फेरे, सांध्यावरून न अडता. तो जमिनीला कान लावून पालथा पडला होता. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीमागे इंजिनाचा नंबर लिहिलात, तक्रार लिहिलीत, काय बदललं ते लिहिलंत आणि विचारलंत, "शेवटी काय लिहू, ड्रायव्हर?"

त्याला "फिट" म्हणायचं होतं. "फ" त्याला सगळ्यात जड जातो. तुम्ही पेनाचं टोक कागदाला टेकवून थांबलात. शाईचा एक ठिपका पसरत मोठा होत गेला. ते पान आता त्याच्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे, आणि "फिट"च्या आधी तो ठिपका आहे.

त्याचं अडखळणं काही थांबलेलं नाही, कुणी तसं समजू नये. परवा वाण्याकडे त्याने खोबरेल मागितलं, वाणी मध्येच खोबरं काढायला लागला, तर हा म्हणाला, "थांबा." आणि पुरं बोलला. मी बाजूलाच उभी होते. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, बोलले मात्र नाही.

नाना, येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतोय. भरताची वांगी आणते, सूनबाईंना सांगा चुलीची सोय करून ठेवायला. इंजिनाचा पुढचा दिवा एका दिशेला जाताना लागतो, उलट्या दिशेला लुकलुकतो. कधी, किती वेळा, कुठल्या वळणावर, ते त्याने वहीत मोजून ठेवलंय. तो सांगेल. मी सूनबाईंबरोबर मागच्या अंगणात असेन.

तुमची,
ड्रायव्हरची आई
जळगाव