पऱ्हाट्या जाळू नका, बाकी मी मजेत

विट्झेनहाउझेन, जर्मनी
जानेवारी

तीर्थरूप आप्पा व सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी मजामा शे. आधी आईचं. फोटोत गाल बसलेले दिसतात ते थंडीने, उपासाने नाही. इथला राईचा पाव आंबवलेला असतो, पोटाला बाधत नाही. ज्वारीचं पीठही मिळतं, फक्त दुकानात पडून पडून त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना चिरते. तूप कोणाबरोबरही पाठवू नको. दुधाचं काहीच बाहेरून या देशात आणू देत नाहीत, विमानतळावर काढून टाकतील. बिबडे चालतील.

आप्पा, तुम्ही विचारलंत की तिकडे भाजीचा भाव कोण ठरवतं. मोठ्या दुकानांचा दुकानदारच ठरवतो, आपल्यासारखंच. पण काही शेतांची रीत इतकी चमत्कारिक आहे की फोनवर सांगून तुम्हाला खरी वाटली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अशा एकेका शेताला शंभर-दीडशे घरं वर्षभरासाठी बांधलेली असतात. हिवाळ्यात सगळे एका हॉलमध्ये जमतात. शेतकरी पुढच्या वर्षाचा खर्च फळ्यावर मांडतो: बी, डिझेल, मजुरी, यंत्रांची दुरुस्ती आणि स्वतःचा पगारसुद्धा. बेरजेला घरांच्या संख्येने भागतात, सरासरी आकडा निघतो. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी. आपल्याला दरमहा किती झेपेल ते त्यावर लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायची. ज्याची कमाई कमी तो सरासरीपेक्षा कमी लिहितो, ज्याची बरी तो जास्त. चिठ्ठ्यांची बेरीज खर्चाला पुरली तर बैठक संपली. तूट आली तर तेवढा आकडा सांगतात आणि परत चिठ्ठ्या वाटतात. कोणी किती लिहिले हे कोणी विचारत नाही, आणि भाजीचा वाटा मात्र सगळ्यांना सारखा. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव पाडतात, तसंच गुपचूप, पण इथे भाव वर नेण्यासाठी.

गारपीट झाली तर वाटा लहान होतो, पैसे तेवढेच राहतात. हेही लोकांना आधीच माहीत असतं. जर्मनीतलं असं पहिलं शेत १९८८ साली हॅम्बुर्गजवळ बुशबर्गहोफला सुरू झालं. जपानात त्याच्याही आधीपासून होतं. गोम अशी की हिवाळाभर कोबी आणि कंदच मिळतात, लोक कंटाळतात. म्हणून करार वर्षाचा, मधे सोडता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं कौतुक आपल्याला काय कामाचं. पण आईच्या माहेरी साक्री तालुक्यात पांझरेवरचे फड काय वेगळे होते? बंधाऱ्याखालची जमीन चार फडांत वाटलेली, प्रत्येक फडात जवळपास प्रत्येकाचा तुकडा, एका फडात एकच पीक आणि पाणी द्यायला गावाने ठेवलेला पाटकरी. पाणी कमी आलं तर झळ सगळ्यांना वाटून. आपण फक्त त्यात खाणारी घरं जोडायची.

माझा हिशेब असा. चौघांच्या घराला महिन्याला १० किलो ज्वारी धरा, वर्षाला १२० किलो. दहा घरांची १२ क्विंटल. कोरडवाहू दादर ज्वारी एकरी ५-६ क्विंटल धरली तर दोन ते अडीच एकर. तुरीची डाळ महिन्याला २ किलो म्हणजे दहा घरांना वर्षाची २४० किलो. तुरीचा दोन तृतीयांश उतारा धरून ३.६ क्विंटल तूर. उडीद कपाशीच्या ओळींत निघेल. जळगाव किंवा चोपड्यातली ओळखीची दहा घरं पुरे, जास्त घेऊ नका. अर्धे पैसे पेरणीआधी मागा. ते मागायला तुम्हाला लाज वाटेल हे मला माहीत आहे, पण तिथेच सगळं अडतं. ज्वारी-डाळ उधारीवर वाटली तर ती मदत होते, व्यवहार नाही. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेल इतका वाळवूनच भरा, नाहीतर सोंडे लागतात आणि पहिल्याच वर्षी नाव जातं. पोत्यावर 'सेंद्रिय' लिहू नका, आपण अजून रासायनिक खत वापरतो. पाच शेतकरी एकत्र आले तर पीजीएसचा, म्हणजे एकमेकांची शेतं तपासून सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळवायचा, गट करता येतो, ते पुढचं पुढे.

आता जमिनीचं. भावाला हे वाचून दाखवा, तो माझा फोन उचलत नाही.

कपाशी आता संपवा. फरदड, म्हणजे वेचणी झालेल्या झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका, आणि पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचूनही ठेवू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. म्हणून लोक जाळतात, आणि वर्षभराचं कर्ब अर्ध्या तासात धूर होतं. श्रेडर भाड्याने आणा, बोटभर तुकडे करा. ते तसेच गाडून वर पेरलंत तर पीक पिवळं पडेल, कारण काडी कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात. म्हणून खड्ड्यात किंवा ढिगात कुजवा. उसाच्या पाचटाला सांगतात तेच प्रमाण धरा: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारं जिवाणू खत, आणि थरांमध्ये शेण. मुठीत दाबलं की ओल हाताला लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. आठवड्यात ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापला पाहिजे, तरच अळी मरते. तापला नाही तर बहुतेक पाणी कमी पडलेलं असतं. शेणखतही पूर्ण कुजलेलंच टाका. अर्धकच्च्यात हुमणी अळी येते.

जीवामृताबद्दल भाऊ फार उत्साही आहे. करू द्या: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दोन दिवस सावलीत, एकराला एवढं. पण उघड्या, तापलेल्या मातीवर ते ओतणं वाया आहे. इथे जमीन हिवाळ्यात गोठते म्हणून काडीकचरा सावकाश कुजतो. आपल्याकडे उष्णतेत ओल मिळाली की तो भराभर जिरून जातो. आपल्याला झाकण जास्त लागतं, इथल्यापेक्षा जास्त. एका एकरात ताग २०-२५ किलो पेरा, फुलावर यायच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी गाडा. केळीत ओळींमधला ताग कापून तिथेच पसरवा. मात्र केळीत किंवा तिच्या शेजारी काकडी, मिरची, टोमॅटो आणि भरताची वांगी लावू नका, मोझॅकचा रोग तिथून येतो. भरीत दुसऱ्या शेतात.

रासायनिक खत एकदम बंद करू नका. एका एकरात पाव हिस्सा कमी करून बघा. त्याआधी माती तपासा: आठ-दहा ठिकाणी वितभर खोल व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची बोटभर जाडीची चकती, सगळं मिसळून अर्धा किलो, सावलीत वाळवून. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली आलं तर घाबरू नका, आपल्या भागात ते नवीन नाही.

आप्पा, साखरेचं. ज्वारी औषध नाही, चार भाकऱ्या खाल्ल्या तर तीही साखर वाढवते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद, मीठ घालून दळा, कळण्याच्या दोनच भाकऱ्या आणि बाकी भाजी. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. शेजारचे काका काहीही सांगोत.

पैसे या आठवड्यात खात्यावर येतील. त्यातले श्रेडरचं भाडं आणि माती तपासणी सोडून बाकी भावाच्या लग्नाला. मुलीकडच्यांनी आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) तारीख धरली तर मला रजा मिळेल. आखाजीला मात्र येणं होणार नाही. बाकीच्या लेकी माहेरी येतील तेव्हा आईने माझ्या वाट्याचे मांडे त्यांना वाढावेत. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, मला आठवतं.

नाशिकच्या स्थळाचं वाचलं. मुलगा चांगला असेल, पण त्यांना उत्तर थांबवून ठेवू नका. माझं इथलं काम संपायला अजून वर्ष आहे, त्याआधी मी हो म्हणणार नाही आणि कोणाला ताटकळतही ठेवणार नाही. आईला हे तुम्हीच सांगा, माझ्याकडून ऐकलं की ती फोन ठेवून देते. मांडवात जेवणावळीला भाज्या घ्याल तर गावातल्याच घ्या, आचाऱ्याला यादी आधी द्या म्हणजे लोकांना तेवढं लावता येईल.

तुमची,
बेबी