'हॅव' कुठे ठेवायचं, कुठे काढायचं

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

लंडनच्या विद्यापीठासाठीचा अर्ज वाचला. मजकूर चांगला उतरलाय, पण पहिल्याच ओळीत 'आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2022' असं आहे. ते 'आय कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन 2022' असं कर. आपल्याकडच्या बायोडेटांत ही चूक इतकी सर्रास दिसते की ती चूक वाटेनाशीच झाली आहे.

ती येते मराठीतून. 'मी 2022 साली बी.कॉम. झाले आहे' किंवा 'हा सिनेमा मी गेल्या वर्षी पाहिलाय' ही वाक्यं कुणालाही खटकत नाहीत, कारण आपल्या 'आहे'ला शेजारी तारीख चालते. इंग्रजीतल्या 'हॅव'ला संपलेल्या काळाची तारीख चालत नाही. 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन 2022' यांतलं काहीही वाक्यात आलं की सिंपल पास्टच, म्हणजे 'हॅव'शिवायचा साधा भूतकाळच घ्यायचा. 'व्हेन'चा प्रश्नही त्यातलाच. 'व्हेन हॅव यू सबमिटेड' असं विचारत नाहीत, 'व्हेन डिड यू सबमिट' असं विचारतात. आणि 'डिड' आला की क्रियापद पहिल्या रूपात, म्हणून 'डिड यू सबमिटेड' नको.

'आय हॅव सेंट द फॉर्म येस्टरडे' हे वाक्य दोन प्रकारे सुधारता येतं: 'हॅव' काढून किंवा 'येस्टरडे' काढून. काय काढायचं ते तुला काय सांगायचंय त्यावर ठरेल. फॉर्म तुमच्याकडे आलाय, आता बघा, एवढंच कळवायचं असेल तर 'आय हॅव सेंट द फॉर्म'. मुदतीच्या आत पाठवला हे दाखवायचं असेल तर 'आय सेंट द फॉर्म ऑन मंडे'. म्हणजे प्रेझेंट परफेक्टचं ('हॅव' किंवा 'हॅज' असलेल्या रूपाचं) लक्ष आजच्या स्थितीवर असतं, सिंपल पास्टचं त्या वेळच्या घटनेवर.

'सिन्स'पुढे मात्र तारीख येते आणि तरी 'हॅव' लागतो: 'आय हॅव लिव्ड इन पुणे सिन्स 2019'. ती तारीख फक्त सुरुवातीची असते, राहणं अजून चालू आहे. इथे 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स 2019' लिहू नकोस. आणि 'पाच वर्षांपासून' डोक्यात असल्यामुळे 'सिन्स फाइव्ह इयर्स' हातून जातं. वर्षांची संख्या सांगायची असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स'.

तुझ्या अर्जातली सगळ्यात धोक्याची जागा वेगळीच आहे. सध्याच्या नोकरीबद्दल तू 'आय वर्क्ड ॲट अ सीए फर्म फॉर टू इयर्स' लिहिलंयस. व्याकरण अगदी बरोबर, माहिती चुकीची. वाचणारा समजेल की तू नोकरी सोडलीस. अजून तिथेच आहेस ना, मग 'आय हॅव वर्क्ड ॲट अ सीए फर्म फॉर टू इयर्स'. अशी चूक स्पेलचेकर पकडत नाही.

मुलाखतीत 'हॅव यू एव्हर यूज्ड टॅली?' असं विचारलं तर 'येस, आय हॅव' म्हणायचं आणि लगेच काळ बदलायचा: 'आय यूज्ड इट इन माय फर्स्ट जॉब.' अनुभव आहे की नाही हे परफेक्टमध्ये, त्याचा तपशील सिंपल पास्टमध्ये. इंग्रजी पेपरातल्या बातम्या बघ, पहिलं वाक्य बरेचदा 'हॅज'चं असतं आणि पुढची सिंपल पास्टमध्ये चालतात.

'धिस मॉर्निंग' घड्याळावर ठरतं. सकाळी दहा वाजता 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग', दुपारी चारला 'आय हॅड टू कप्स'. माणसाचं आयुष्यही असाच एक काळ धरतात. लता मंगेशकरांबद्दल 6 फेब्रुवारी 2022 च्या आधी 'शी हॅज संग इन मेनी लँग्वेजेस' म्हणता यायचं, आता 'शी सँग'.

'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबत ब्रिटिश लोक सहसा परफेक्ट वापरतात: 'आय हॅव जस्ट ईटन'. अमेरिकन माणूस 'आय जस्ट एट' म्हणतो आणि ते तिकडे चूक नाही. तू अर्ज लंडनला करतेयस, तेव्हा ब्रिटिश पद्धत धर.

रूपं पाठ हवीतच. 'हॅव'पुढे तिसरं रूप: गॉन, सीन, डन, रिटन, टेकन. 'आय हॅव वेंट' आणि 'आय हॅव रोट' कानाला ओळखीचे वाटतात म्हणून फसवतात. 'फिनिश'सारख्या क्रियापदांची दुसरी-तिसरी रूपं सारखीच, तिथे सगळा भार 'हॅव'वर. बोलताना 'आय'व्ह फिनिश्ड'मधला 'व्ह' गिळलास तर समोरच्याला सिंपल पास्टच ऐकू येईल.

राहिला 'हॅड'. 'मी काल बँकेत गेले होते' याचं आपण 'आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे' करतो, तिथे 'आय वेंट' पुरे. 'हॅड' ठेवायचा तो भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायला: 'द बँक हॅड क्लोज्ड व्हेन आय गॉट देअर', म्हणजे मी पोचण्याआधीच बँक बंद झाली होती. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात 'आय हॅड डन ॲन इंटर्नशिप इन 2021' आहे, त्याचं 'आय डिड' कर.

आता अर्जातला प्रत्येक 'हॅव', 'हॅज' आणि 'हॅड' पेन्सिलीने गोल कर आणि त्याच वाक्यात तारीख किंवा 'अगो' आहे का ते बघ. सुधारलेली प्रत रविवारपर्यंत पाठव, शिफारसपत्रासाठी सरांनाही तीच द्यायची आहे.

तुझी,
आई