बॉयलर पेटत नाही म्हणालास, त्यावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद पडून घर गार पडलंय आणि काकूंचे गुडघे धरलेत, हे कळल्यावर चैन पडेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. बॉयलरचं होईल ते होईल, आधी काकूंच्या खोलीत विजेचा हीटर लाव. कोळशाची शेगडी बंद खोलीत चुकूनही पेटवू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच घात होतो.

तू सारखं रीसेटचं (बॉयलर पुन्हा सुरू करायचं) बटण दाबतोयस, ते मात्र थांबव. बॉयलर बंद पडून लाल दिवा लावतो तेव्हा त्याला काहीतरी धोक्याचं वाटलेलं असतं. एकदा, फार तर दोनदा दाबून बघावं. त्यानंतर कारण शोधावं.

कारण शोधायचं तर शेजारी उभा राहून कान देऊन ऐक. थर्मोस्टॅटने, म्हणजे खोलीचं तापमान राखणाऱ्या उपकरणाने, उष्णता मागितली की आधी पंखा फिरतो आणि आतली जुनी हवा बाहेर काढतो. हवा नीट वाहतेय याची खात्री पटली तरच टकटक ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. मग ज्योतीत असलेली धातूची बारीक कांडी ज्योत लागली की नाही ते तपासते. ज्योतीतून अगदी क्षीण वीज वाहते, काही मायक्रोअँपिअर एवढीच. ती मिळाली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. आधीच्या पायरीचा होकार आल्याशिवाय पुढची पायरी नाही. त्यामुळे गाडी कुठे अडली हे कळलं की निम्मं काम झालं.

काहीच आवाज नसेल तर वीज, फ्यूज, टायमर आणि थर्मोस्टॅटचे सेल बघ. सेल संपलेले असतात आणि माणूस बॉयलर उघडायला निघतो, असं पुष्कळदा होतं. टकटक ऐकू येते पण ज्योत लागत नसेल तर स्वयंपाकघरातली शेगडी पेटते का बघ; तीही पेटत नसेल तर गॅसच येत नाहीये. ज्योत लागून लगेच विझत असेल तर बहुधा त्या कांडीवर काजळी बसलीय. ते काम तंत्रज्ञाचं, तू झाकण काढू नकोस.

सगळ्यात आधी मात्र बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघ. यंत्रणा थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) मधे हवा. 0.5 च्या खाली गेला की बरेच बॉयलर पेटायलाच नकार देतात, कारण पाणी कमी असताना पेटले तर आतला भाग करपेल. खाली पाणी भरायची नळी आणि तिचा व्हॉल्व्ह असतो, तो हळूहळू उघड, काट्यावरची नजर काढू नकोस, 1.5 च्या अलीकडेच बंद कर. काटा पुन्हा खाली आला तर मात्र नुसतं भरत बसू नकोस. कुठेतरी गळती आहे. आणि तापल्यावर काटा 3 पर्यंत चढून, गार झाल्यावर शून्यावर येत असेल तर प्रसरणाच्या टाकीतली, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलीय. तिथला सुरक्षा व्हॉल्व्ह 3 बारला उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो, म्हणून दाब टिकत नाही.

तुमच्याकडे रात्री पाणी गोठतं ना? मग भिंतीबाहेर आलेली पांढरी प्लास्टिकची नळी जरूर बघ. धुरातली वाफ थंड होऊन झालेलं पाणी तिच्यातून जातं. तिच्यात बर्फ झाला की पाणी मागे तुंबतं, आत गुडगुड आवाज येतो आणि बॉयलर बंद पडतो. कोमट पाणी ओत, उकळतं नको, प्लास्टिक तडकेल. बर्फ सुटला की एकदा रीसेट कर.

गॅसचा वास आला तर यातलं काहीही करू नकोस. मुख्य कॉक बंद कर, खिडक्या उघड, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस, सगळे बाहेर या आणि मग बाहेरूनच फोन कर. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तरी बॉयलर बंद ठेवून तज्ज्ञाला बोलव.

बॉयलरच्या छोट्या स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो जसाच्या तसा लिहून घे आणि आवाज नेमका कोणत्या पायरीपर्यंत येतो तेही मला कळव. तंत्रज्ञाला हेच सांगितलंस तर त्याचाही शोधाशोधीत वेळ जाणार नाही. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र